दुहेरी बंदोबस्त

"ही तुझी भिंत, आणि ही याची," असं म्हणून नर्स ओनेलियाने टेबलावर दोन वस्तू मांडल्या. इदाल्मिसच्या पुढ्यात रबराची एक उथळ वाटी आली, कडेला स्प्रिंग असलेली, गोल डबीत बसणारी. तिचा नवरा ओस्मानी, त्याच्या पुढ्यात कंडोमची चार डझन पाकिटं आली.

"एक भिंत पडली तरी दुसरी उभी राहते," ओनेलिया म्हणाली. "तुमच्या घराला एका भिंतीने भागत नाही. तीन वेळा बघितलंय मी."

ओस्मानी बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. कुठलीही वस्तू समोर आली की ती सुधारता कशी येईल याचा विचार त्याच्या डोक्यात आपोआप सुरू होई. "मीच दोन घातले तर? एकावर एक? मग हिला वाटीचा त्रास नको."

"एकमेकांवर घासून दोन्ही फाटतील. तुझी अक्कल तू वाईनपुरती ठेव." मग ओनेलिया इदाल्मिसकडे वळली. "वाटी आत, गर्भाशयाच्या तोंडाशी बसवायची. त्याआधी हे मलम लावायचं. काम झाल्यावर सहा तास काढायची नाही. मग धुवायची, वाळवायची, डबीत ठेवायची. आणि तेल, लोणी, चरबी यांचा वाससुद्धा रबराला लागू द्यायचा नाही. चरबीने रबर मरतं. दोन्ही भिंतींचं."

ओनेलिया 'तीन वेळा' म्हणाली ते उगाच नव्हे. बोका दे हाइबा हे बंदर लहान, तिथली दुकानं त्याहून लहान. जी वस्तू हवी ती सोडून बाकी सगळं मिळायचं, अशी तिथली रीत. कंडोम मात्र औषधाच्या दुकानात पडून असत. मग अख्ख्या क्यूबात जे होई तेच इथेही होई. ज्या कामासाठी कंडोम जन्माला आला ते एक काम सोडून बाकीची सगळी तो करी. वाढदिवसाचा फुगा तोच, वेणीचं रबर तोच, सायकलच्या ट्यूबचं ठिगळही तोच. कोळी तो फुगवून दोरीला बांधत आणि वाऱ्यावर सोडत, म्हणजे आमिष आपसूक खोल पाण्यात जाई. इदाल्मिसचा थोरला पोटात राहिला तेव्हा घरातले सगळे कंडोम वाईनच्या बुधल्यांवर होते. मधला राहिला तेव्हा थोरल्याचा वाढदिवस होता. आणि धाकटी राहिली तेव्हा शेजारच्या फेफोकाकाने शेवटचं पाकीट एका तांबोशी माशाच्या बदल्यात नेलं होतं. तांबोशी चवीला फार उत्तम होती, हे इदाल्मिससुद्धा नाकारत नसे.

पण यंदा तिला चवथं परवडणारं नव्हतं. बारा वर्षं ती बंदरातल्या प्रवासी लाँचवर दोर फेकत होती. दोर फेकणाऱ्याला सुकाणू धरायचं असेल तर दहा महिन्यांचं शिक्षण घ्यावं लागे, तेही प्रांताच्या मुख्य गावी राहून. तिथे जागा निघायची तीन-चार वर्षांतून एकदा. पहिल्यांदा निघाली तेव्हा मधला पोटात होता. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा धाकटी. आता तिसऱ्यांदा निघाली होती, मुलाखत जुलैअखेर होती, आणि छत्तीस पूर्ण झालेल्याला तिथे उभं करत नसत. इदाल्मिसच्या छत्तिसाव्या वाढदिवसाला पाच महिने उरले होते.

"या वेळी काही झालं ना," क्लिनिकमधून घरी येताना ती नवऱ्याला म्हणाली, "तर मी तुला त्या दोराला बांधीन आणि धक्क्यावर फेकीन. बारा वर्षांत माझा एकही दोर चुकलेला नाही."

"माझे राणी, मी या वेळी पद्धतशीर चालणार आहे," ओस्मानी म्हणाला.

आणि तो खरंच पद्धतशीर चालला. घात झाला तो त्या पद्धतीनेच.

ओस्मानीची पेरूची वाईन तालुक्यात नावाजलेली होती. मागच्या पडवीत अरुंद तोंडाचे अकरा बुधले ओळीने उभे असत आणि प्रत्येकाच्या तोंडावर एक कंडोम ओढलेला असे. रस आंबायला लागला की आतल्या वाऱ्याने कंडोम ताठ उभा राही. त्याने मान टाकली की वाईन तयार. सकाळच्या उन्हात ते अकरा जण उभे असताना नवखा पाहुणा पडवीत आला, तर तो आधी डोळे मिटायचा आणि मग हळूच एक उघडायचा. मात्र कंडोमला सुईने एक बारीकसं भोक पाडावं लागतं, नाहीतर वारा कोंडतो. ओस्मानी हे भोक ऐन वेळी पाडत बसत नसे. तो रविवारी सकाळी दोन डझन पाकिटं घेऊन बसायचा, न फोडताच एकेकातून सुई आरपार घालायचा आणि भोकवाली पाकिटं निळ्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. बिनभोकाची, घरगुती वापराची, लाल डब्यात. निळा डबा पडवीत, लाल डबा पलंगाखाली. यात चूक व्हायला जागाच नव्हती.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. रविवारी दुपारी पोरं बेसबॉल खेळायला जात आणि ओस्मानीची आई, नेरेइदाबाई, फेफोकाकाकडे डोमिनोला जाई. घरात दोन भिंती आणि दोन माणसं उरत. इदाल्मिस तर चालता चालता गाणं म्हणू लागली होती.

मग एका शनिवारी डासांच्या फवारणीवाले आले. हे लोक आले की पाऊण तास घर सोडून रस्त्यावर उभं राहायचं, आणि त्याआधी कपाटाखालचं, पलंगाखालचं, फळीवरचं सगळं अंगणात काढायचं. नेरेइदाबाईने ते एकटीने काढलं आणि एकटीने परत लावलं. बाई सत्तरीची, पण कामाला वाघीण. डबे परत ठेवताना तिला वाटलं, पलंगावरच्या चादरीशी निळा रंग शोभून दिसतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

त्यानंतरच्या शनिवारी ओस्मानीने पेरूचा नवा रस बुधल्यांत भरला आणि रंगाकडे न बघता पडवीतल्या डब्यातून अकरा पाकिटं काढून अकरा तोंडांवर चढवली. रविवारी दिवसभर पाऊस लागला, पोरं आणि आई घरातच बसली. सोमवारी सकाळी तो दाढी करत असताना मागून तोफ डागल्यासारखा आवाज झाला. धावत जाऊन बघतो तर कोपऱ्यातल्या बुधल्यावर नुसतं रबराचं कडं उरलेलं, छतापर्यंत पेरूचा गर, आणि बाकीचे दहा कंडोम भोपळ्याएवढे होऊन त्याच्याकडे बघताहेत. दुसरा फुटला. तिसरा फुटला. चवथा फुटला नाही. तो बुधल्यावरून सुटला आणि शिट्टी मारत फेफोकाकाच्या अंगणात उतरला. तिथली कोंबडी नंतर आठवडाभर अंड्यावर बसायला तयार नव्हती म्हणतात.

"आई गं," ओस्मानी म्हणाला. अर्ध्या चेहऱ्यावर साबण, अर्ध्यावर पेरू. "यांना भोकं नाहीत."

आणि मग, गर छतावरून थेंब थेंब खांद्यावर पडत असताना, त्याला पुढचं सुचलं. यांना भोकं नाहीत, तर भोकवाले कुठे आहेत?

पलंगाखालचा निळा डबा ओढून त्याने एक पाकीट उजेडासमोर धरलं. बारीक, गोल, नेमकं मधोमध. सुबक काम होतं. त्याचंच.

तो पलंगाच्या कडेला बसला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. कारण त्याला ओनेलियाचे शब्द आठवले. एक भिंत पडली तरी दुसरी उभी राहते. इदाल्मिसची वाटी होती ना! मग तिला सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा? उगाच दोर घेऊन मागे लागेल. त्याने डबे जागच्या जागी ठेवले आणि शिट्टी वाजवत छत पुसायला गेला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, इदाल्मिस काळ्या घेवड्याला प्रेशर कुकर लावत होती. कुकरच्या कडेने वाफ सुटायला लागली.

"वायसर गेला वाटतं, आई," ती सासूला म्हणाली.

"मग नवा काढ की. तुझ्या कपाटात आहे तो."

"माझ्या कपाटात कुठला वायसर?"

"अगं, त्या गोल डबीतला! मध्ये भोक पाडायचं राहिलंय त्याचं, पण इथे कुठली वस्तू पुरी होऊन येते? कापलं की झालं." नेरेइदाबाई कौतुकाने हसली. "चिंता करू नकोस, मी जपलाय तो. दर शनिवारी डुकराच्या चरबीने चोळते. नाहीतर मागच्या वायसरसारखा कडक होऊन जाईल. चोळते, पुसते, तुझ्या डबीत परत ठेवते. बघ जाऊन, कसा लोण्यासारखा मऊ झालाय."

इदाल्मिस कुकर तसाच फुसफुसत ठेवून कपाटाशी गेली. वाटी खरंच मऊ झाली होती. खिडकीशी नेऊन उजेडात धरली तेव्हा मधल्या रबरात बारीक चिरा दिसल्या, आणि दोन ठिकाणी चिरांतून चक्क उजेड येत होता. त्यातल्या एका ठिकाणातून तिला समोरचा दीपस्तंभ दिसला असं ती पुढे सांगायची, पण तेवढं जरा वाढवून असावं.

सासूवर ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. बाईने प्रेमाने चोळलं होतं. आणि ओरडून सांगणार काय, की तो वायसर कुठे बसवायचा असतो? ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग तिलाही ओनेलियाचे तेच शब्द आठवले. ओस्मानी तर या वेळी पद्धतशीर चालतोय. फवारणीनंतरच्या रविवारी त्याने पाकीट फोडलं ते तिने स्वतः बघितलं होतं. मग त्याला कशाला सांगायचं? घरभर सांगत सुटेल, आईशी भांडेल. तिने वाटी पुसून डबीत ठेवली आणि घेवड्याकडे गेली.

तो आठवडा त्या घरात फार गोडीचा गेला. ओस्मानी न सांगता पाणी भरू लागला. इदाल्मिसने सबंध आठवड्याची साखर एका भाताच्या खिरीत घातली आणि मोठी वाटी नवऱ्याला दिली.

"काय गं, आज काय विशेष?"

"काही नाही. तू इतकं करतोस माझ्यासाठी."

"मी कुठे काय करतो? सगळा भार तुझ्यावर."

"नाही रे, तुझ्यावर!"

दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. रविवार आला, पोरं गेली, आई गेली, आणि दोघं एकमेकांसमोर उभी राहिली.

"मला जरा छत पुसायचंय," ओस्मानी म्हणाला.

"आणि मला गाठींचा अभ्यास करायचाय," इदाल्मिस म्हणाली. "मुलाखत जवळ आली."

दोघांनी एकदमच सुटकेचा श्वास टाकला, आणि एकदमच एकमेकांकडे संशयाने बघितलं.

सोमवारी इदाल्मिस लाँचवरून तासभराची रजा काढून क्लिनिककडे निघाली. ओनेलियाला गुपचूप विचारू, एका भिंतीवर कितपत भरवसा ठेवायचा? क्लिनिकच्या ओट्यावर दहाबारा जण कसेही पसरलेले होते. त्या गावात रांग दिसत नसते, रांग माणसांच्या डोक्यात असते. आल्याबरोबर मोठ्याने विचारायचं, शेवटचं कोण? जो शेवटचा असेल त्याने हात वर करायचा. मग त्याच्यामागे आपण. ही रीत मोडणाऱ्याला नंतर कुणी मीठसुद्धा देत नाही.

इदाल्मिस कोपऱ्यावरून वळली आणि लाँचवरच्या सवयीने तिने हाळी दिली, "शेवटचं कोण?"

कुणी बोलेना. ओट्याच्या टोकाला एक माणूस वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता.

"अरे, बोल की!" फेफोकाकाने त्याला कोपराने ढोसलं. काका रक्तदाब बघायला आलेला. "मगाशी माझ्यामागे लागलास ना तू? इदाल्मिस, शेवटचा तुझा नवराच आहे बघ."

वर्तमानपत्र खाली आलं.

"तू इथे काय करतोयस?"

"दात दुखतोय," ओस्मानी म्हणाला.

"ओनेलिया दात कधीपासून बघायला लागली?"

"तू कशाला आलीस?"

इदाल्मिसने गालाला हात लावला. "माझाही दात."

"एका घरात दोन दात, एकाच दिवशी!" फेफोकाका सगळ्या ओट्याला म्हणाला. "खिरीत खडे होते काय गं?"

गलका ऐकून ओनेलिया दारात आली. दोघांचे चेहरे बघून तिने रांगेची माफी मागितली आणि दोघांना एकदम आत घेतलं. दार लावलं. पण त्या क्लिनिकच्या खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी पट्ट्या आहेत. ओट्यावरची बोलणी आपोआप थांबली.

"बोला," ओनेलिया म्हणाली.

"माझी भिंत पडलीय," दोघं म्हणाली. एकाच वेळी, एका सुरात, चर्चमध्ये म्हणतात तसं.

बाहेर ओट्यावरची माणसं खिडकीजवळ सरकली.

"तुझी?" इदाल्मिस म्हणाली. "तुझी कशी पडेल? मी बघितलं ना तुला पाकीट फोडताना!"

"ते बुधल्याचं निघालं. भोकवालं. डबे बदलले गेले. पण तुझी कशी पडली?"

"तुझ्या आईने चरबी चोळली तिला, कुकरचा वायसर समजून! कधी कळलं तुला तुझं?"

"गेल्या सोमवारी. तुला?"

"मंगळवारी. मग मला बोलला का नाहीस?"

"तुझी होती ना! मला वाटलं, हिची उभी आहे तर कशाला..."

"मलाही तेच वाटलं, मेल्या! याची उभी आहे!"

खिडकीबाहेरून फेफोकाकाचा आवाज आला. "म्हणजे भिंती नव्हत्याच. नुसतं अंगण होतं."

ओनेलियाने खिडकीवर वही आपटली. मग खुर्चीत बसून तिने बोटांवर दिवस मोजले. "पंधरा झाले. पाच दिवसांच्या आत आला असतात तर गोळी देता आली असती. तुम्ही आठव्या नवव्या दिवशी कळल्यावर एकमेकांना खिरी भरवत बसलात. आता फक्त वाट बघायची. पाळी कधीची आहे?"

"येत्या गुरुवारची," इदाल्मिस म्हणाली. "आणि मुलाखत त्याच्या पुढच्या सोमवारी. तिथे तपासतात, ताई. सगळं तपासतात."

ओस्मानीने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने तो झटकला, मग थोड्या वेळाने स्वतःच शोधून धरला.

गुरुवार आला आणि कोरडा गेला. शुक्रवारही. तोवर गाव कामाला लागलं होतं. समोरच्या बाईने पाळणा पाठवला, वर निरोप की घाई नाही, वापरून झाल्यावर द्या. फेफोकाकाने रस्त्यात थांबवून सांगितलं की मुलगा झाला तर नाव त्याचं ठेवायचं, कारण तांबोशीपासून त्याचं या घराशी नातं आहे. शनिवारी नेरेइदाबाई दोऱ्याला सुई बांधून आली. सुई पोटावर धरली की गोल फिरते का सरळ, त्यावरून मुलगी का मुलगा ते कळतं.

"सुई नको!" इदाल्मिस किंचाळली. "सुईनेच या घराचं वाटोळं केलंय!"

नेरेइदाबाई सुई घेऊन तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि पदर नव्हता म्हणून झग्याच्या टोकाने डोळे पुसू लागली. "मी वायसर समजले गं. इथे तुझा सगळा जन्म दोर फेकण्यात जायचा, आणि मी... झालंच तर मी सांभाळीन त्याला. तू जा तिकडे."

"आई, पोटात असेल तर घेतच नाहीत ते." इदाल्मिसने सासूच्या गळ्यात हात टाकला. दोघी मनसोक्त रडल्या, आणि मग दोघींनी मिळून उरलेल्या वाईनमधली अर्धी बाटली संपवायला घेतली. इदाल्मिसचा पेला मात्र सासूने अर्ध्यातच काढून घेतला. न जाणो.

सोमवारी पहाटेच्या बसने नवरा-बायको प्रांताच्या गावी पोचली. आठ वाजता इदाल्मिसचं रक्त घेतलं. कागद दोन वाजता मिळणार होता. तो आणायला ओस्मानी थांबला आणि ती मुलाखतीला गेली. नऊ पुरुष आणि ती. मध्ये एक म्हातारा कप्तान बसलेला, मिशा मिठाने पांढऱ्या झालेल्या. तो सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होता.

"लाँचवर पाणी उपसायचे दोन पंप आहेत. दोन वेगळी माणसं त्यांवर नेमलेली आहेत. दोन्ही माणसं शहाणी, दारू न प्यालेली. समुद्र शांत. तरी लाँच बुडाली. का?"

पहिला म्हणाला, झडप अडकली असेल. दुसरा म्हणाला, गाळ. तिसऱ्याने खडक आणला, चवथ्याने व्हेल. कप्तान प्रत्येकाला नुसतं "बरं" म्हणत होता. इदाल्मिसचा नंबर आला तेव्हा तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिने विचारसुद्धा केला नाही.

"दोघांनाही आपापला पंप बंद असल्याचं माहीत होतं, कप्तान. पण दोघंही गप्प बसले. दुसऱ्याचा चालू आहे असं धरून."

कप्तानाने चष्मा काढला. "हे कळायला मला बावीस वर्षं आणि एक लाँच लागली. तू कुठल्या बोटीवर शिकलीस?"

"बोटीवर नाही," इदाल्मिस म्हणाली. "घरी."

कप्तानाने कागदावर तिच्या नावापुढे मोठी खूण केली आणि म्हणाला, "तब्येतीचा दाखला तेवढा चारच्या आत आण."

ती बाहेर आली तेव्हा ओस्मानी रस्त्यापलीकडे बदामाच्या झाडाखाली उभा होता. हातात घडी घातलेला कागद. घामाने घडी ओली झालेली.

"काय आहे?"

"मी उघडला नाही. तू बघ."

"मी नाही बघत. तू बघ आणि मला सांग."

"मला वाटलं, तू बघशील..."

दोघंही थांबली. मग इदाल्मिसने कागदाचं एक टोक धरलं, ओस्मानीने दुसरं, आणि घडी उघडली. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग तिने कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मग त्यानेही बघितली.

"काय वाचलंस?" तिने विचारलं.

"निगेटिव्ह. तू?"

"मीही." तिने कागद त्याच्या पुढ्यात धरला. "पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचला. तिनेही.

पावणेचार वाजेपर्यंत त्यांनी तो अकरा वेळा वाचला म्हणतात, आणि दाखला खिडकीत पोचला तेव्हा कारकून बाई कडी लावायला उठली होती. इदाल्मिसने कागद दोराच्या फेकीसारखा आत टाकला. तो बरोबर टेबलावर पडला.